खळग्यावरचं ताट

आजी जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी रोज तिन्हीसांजेला ती बोलायची.

शाल्मलीला हे आईने आधी सांगितलं नव्हतं. आईने डासांचं मलम घे, टोपी घे आणि आजोबांशी वाद घालू नकोस, एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे सहामाहीनंतरच्या सुट्टीत ती आजोबांकडे पोचली आणि पहिल्याच संध्याकाळी पडवीत बसून चहात खारी बुडवत होती, तेव्हा मागच्या खोलीतून अगदी स्पष्ट आवाज आला, "सडा, उत्तर बाजू. पाणी घोट्याएवढं. ऐक."

खारी चहात पडली ती पडलीच.

"बस खाली," आजोबा शांतपणे म्हणाले. "रेकॉर्डिंग आहे."

मग किरकिर सुरू झाली. रातकिड्यांची, पाण्याच्या थेंबांची, लांबवर कुठेतरी एका टिटवीची. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. आवाज थांबला तसे त्यांनी डोळे उघडले आणि कप विसळायला घेतला, जणू रोज संध्याकाळी सगळ्यांच्याच घरी असं होतं.

हे घर गावापासून वर, सड्याच्या कडेला होतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा मैलभर पसरलेला सपाट माळ. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात त्याच्या खळग्याखळग्यांत पाणी साचतं आणि त्या पाण्यात बेडूक राहायला येतात. आजोबा, म्हणजे डॉक्टर विश्राम सामंत, आयुष्यभर त्या बेडकांच्या मागे होते. बेडूक दिसणं कठीण, म्हणून ते त्यांचे आवाज गोळा करायचे. आवाज टिपायचं काम मात्र कुमुदआजीचं. सड्यावर एक मायक्रोफोन रोवलेला होता. तो आवाज पकडून घरातल्या लॅपटॉपकडे बिनतारी पाठवायचा. आजी लॅपटॉपपुढे बसून बटण दाबायची, जागा आणि पाणी किती ते सांगायची (ते वेगळ्या फाइलमध्ये टिपलं जायचं), शेवटी "ऐक" म्हणायची आणि स्वतः गप्प बसायची. टिपलेलं नीट आलंय की नाही ते कळावं म्हणून तिने लॅपटॉपला लावून दिलं होतं, की रोज तिन्हीसांजेला सगळ्यांत नवं रेकॉर्डिंग वाजवायचं.

आजी गेली. नवं रेकॉर्डिंग आलं नाही. लॅपटॉपला कुणी थांब म्हटलं नाही, म्हणून तो तेच एक रेकॉर्डिंग रोज वाजवत राहिला.

"बंद का नाही करत?" शाल्मलीने विचारलं.

"चहाची वेळ कळते," आजोबा म्हणाले.

घरात तिसरा माणूस म्हणजे बाबल्या, आणि तो माणूस नव्हता. साठी उलटलेलं माणूस असलेल्या प्रत्येक घराला एक यंत्रमानव देण्याची सरकारी योजना होती, त्यातून तो आला होता. धड एका वर्षीच्या अंदाजपत्रकातून आलं आणि पाय दुसऱ्या. मधल्या काळात त्याला खिडकीत ठेवला होता आणि तो जाणाऱ्या-येणाऱ्याला नमस्कार करायचा. तो बोलायचा तेही सरकारी मराठीत. सांगितलेलं काम चोख करायचा, न सांगितलेलं अजिबात नाही, आणि का केलं असं विचारल्यावर कुणी सांगितलं होतं ते नाव घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस या भागात विजा घेऊनच येतो. सड्यावर झाड नाही, टेकाड नाही, त्यामुळे वीज थेट घरांकडे वळते. गावात दर वर्षी कुणाचा तरी टीव्ही, कुणाचा तरी फ्रिज जातो. म्हणून ढग गडगडला की इथली माणसं आधी सगळ्या तारा काढतात, मग वाळत घातलेले कपडे, आणि मग मुलांना आत बोलावतात. पहिला गडगडाट झाला तसा बाबल्या उठला, मागच्या खोलीत गेला आणि लॅपटॉपच्या तिन्ही तारा एका दमात उपटल्या. विजेची, इंटरनेटची आणि डबीची.

डबी म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क (जास्तीची माहिती साठवायची पेटी). आजोबांचं चाळीस वर्षांचं काम त्या तळहाताएवढ्या काळ्या डबीत होतं.

पाऊस पडून गेला. बाबल्या तारा पुन्हा जोडायला अजून आला नव्हता, कारण आभाळाच्या एका कोपऱ्यात अजून गुरगुर होती. लॅपटॉप आपल्या जुन्या बॅटरीवर मिणमिणत होता. उजेड कलला आणि मागच्या खोलीतून आजी बोलली.

"सडा, उत्तर बाजू. पाणी काठोकाठ. गडगडतंय."

शाल्मलीने कप खाली ठेवला. हे कालचं नव्हतं.

"टिचक्या आलाय," आजी म्हणाली. आवाज कुजबुजता होता, अगदी कानाशी तोंड आणून बोलल्यासारखा. "विश्राम, ऐक."

तिच्या पहिल्या शब्दांनाच आजोबा खुर्चीतून असे उठले होते की खुर्ची उलटली. ती बोलत असतानाच ते मागच्या खोलीत धावले आणि पुढचा आवाज डबीत असेल म्हणून डबीची तार लॅपटॉपला जोडली. डबीवरचा निळा दिवा लुकलुकला.

आणि काहीच वाजलं नाही. आजी "ऐक" म्हणाली होती, आणि पुढे ऐकायला नुसती शांतता होती. कुणीतरी बोलता बोलता खोलीतून निघून गेल्यासारखी.

आजोबांनी डबीतलं एकेक रेकॉर्डिंग उघडून पाहिलं. पाणी घोट्याएवढं होतं, पाणी बोटभर होतं, पाणी आटलेलं होतं. काठोकाठ पाणी कुठेच नव्हतं.

"तुला ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"हो. टिचक्या आलाय म्हणाली."

आजोबांनी लॅपटॉपवरून हात काढला. मग म्हणाले, "आधी दोनदा झालंय असं. मला वाटलं, माझेच कान."

टिचक्या हा या सड्यावरचा अंगठ्याएवढा बेडूक. तांब्यावर नखाने टिचकी मारावी तसा त्याचा आवाज. आजोबांनी तरुणपणी तो ऐकला होता, नंतर कुणीच ऐकला नाही, आणि आजोबांच्या संशोधन संस्थेने त्याच्या नावापुढे 'आढळत नाही' असं लिहून टाकलं. शेवटच्या पावसाळ्यात आजी म्हणाली, मी ऐकला, टिपलाही. आजोबांनी डबी धुंडाळली. डबीत तो नव्हता. वैज्ञानिक माणूस पुराव्याशिवाय हो म्हणत नाही. ते म्हणाले, कुमुद, तुला भास झाला असेल. त्याच थंडीत आजी आजारी पडली आणि तो विषय तिथेच राहिला.

"उद्या संध्याकाळी कचरागाडी येतेय," आजोबा म्हणाले. "हा लॅपटॉप देऊन टाकतोय. डबी संस्थेकडे जाईल."

"का?"

"मोडलाय तो. आत काही नाही, तरी जागा शिल्लक नाही म्हणतो. आणि शालू, या वयात संध्याकाळी कुणी असं हाक मारून गप्प व्हावं, हे मला झेपत नाही."

शाल्मली त्या रात्री लवकर झोपली नाही, पण तो भाग सोडून देऊ.

सकाळी ती लॅपटॉपपुढे बसली. आजीचा लॅपटॉप लिनक्सवर चालायचा. लिनक्स ही संगणक चालवणारी एक प्रणाली (आतली सगळी कामं वाटून देणारी व्यवस्था). ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नसते, त्यामुळे फुकट मिळते आणि बिघडली तर ओरडायला कुणी सापडत नाही. शाल्मलीला शाळेत ती थोडी शिकवली होती. तिने आधी लॅपटॉपच्या स्वतःच्या पोटातले सगळे फोल्डर मोजले. मग पोट किती भरलंय ते विचारलं.

"आजोबा, हे बघा. फोल्डरांत आहे ते सगळं मिळून चमचाभर भरतं. आणि हा म्हणतो, पिंप गळ्यापर्यंत भरलंय."

"म्हटलं ना, मोडलाय."

"की कुणीतरी आत आहे, पण हजेरी देत नाही?"

आजोबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. दिवसाढवळ्याही त्या वाक्याने खोली जरा थंड झाली.

"आवाज कधी येतो?" तिने विचारलं.

"गडगडलं की."

"गडगडल्यावर काय होतं?"

"बाबल्या तारा काढतो."

"कार्यवाही कुमुद सामंत यांच्या आदेशानुसार होते," दारातून बाबल्या म्हणाला. "आदेश असा: गडगडलं रे गडगडलं की तिन्ही तारा उपट, माझी वाट बघू नकोस."

"बघ," आजोबा म्हणाले. "मेल्यावरही तिचंच राज्य."

"मग तिन्हींपैकी कुठल्या तारेमुळे होतं ते शोधू," शाल्मली म्हणाली.

आजोबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. "शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कळणार नाही कुणाची करामत. हा नियम बेडकांना लागू आहे, भुतांनाही लागू असावा."

त्यांनी विजेची तार काढली. रेकॉर्डिंग ठेवायचा एक फोल्डर होता, त्याचं नाव 'सडा'. तो उघडून पाहिला. आत कालचंच सगळं. तार परत लावली. इंटरनेटची काढली. सगळं जसंच्या तसं. शाल्मलीने तिसऱ्या तारेकडे हात नेला आणि आजोबांनी तिचं मनगट धरलं.

"डबीला नाही."

"पण आजोबा, उरलीय तीच."

"अशी ओढून काढायची नसते ती. संगणक तोंडाने म्हणतो झालं, लिहिलं. पण प्रत्यक्षात निम्मं त्याच्या हातातच असतं. सावकाशीने उतरवतो. मधेच डबी ओढलीस तर हातातलं खाली पडतं. सरकारी कार्यालयात नाही का, तुमचं काम झालं म्हणतात आणि कागद अजून त्यांच्या टेबलावरच असतो. म्हणून आधी अनमाउंट करायचं (म्हणजे हातातलं सगळं लिहून घे आणि डबीला मोकळं कर, असं सांगायचं), मग तार. ते कसं करायचं हे कुमुदला ठाऊक. मला नाही. इतक्या वेळा बाबल्याने ओढली तरी ती शाबूत राहिली हे नशीब. आता संस्थेकडे जाईपर्यंत मी तिला हात लावू देणार नाही."

वाद घालू नकोस असं आईने सांगितलं होतं, म्हणून शाल्मलीने वाद घातला नाही. नुसती रुसून बसली.

दुपार उतरल्यावर आजोबाच म्हणाले, "चल, उत्तर बाजू दाखवतो. पाणी आहे अजून." बाबल्याने वाटेत खायला पोहे दिले, ताटात झाकून. ताट का, तर डबा आणायला कुणी सांगितलं नव्हतं.

सड्यावर माणूस नव्हतं. लाल-काळा दगड क्षितिजापर्यंत, आणि त्यात आभाळाचे तुकडे पडल्यासारखे खळगे. वारा होता पण हलायला काही नव्हतं, त्यामुळे वारा नुसता कानात वाजत होता. मधोमध आजीचा मायक्रोफोन उभा होता, एका पायावर, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. शाल्मली त्याच्याकडे पाठ करून बसली, मग तेही बरं वाटेना म्हणून तोंड करून बसली.

"अनमाउंट म्हणालात. म्हणजे आधी माउंट करत असणार," ती म्हणाली. रुसवा पोह्यांबरोबर संपला होता.

"करतात. मला वापरायचं ठाऊक नाही, पण कुमुदने समजावलं होतं, याच जागी. इतर काही संगणकांत काय असतं, डबी जोडली की तिला वेगळं घर मिळतं, वेगळा घरनंबर. लिनक्सकडे घर एकच. हा सडा एकच आहे ना, तसं. नवी डबी आली तर ती याच सड्यावर कुठेतरी बसवायची. कुठे? तर एखादा खळगा निवडायचा." त्यांनी एका खळग्याकडे बोट केलं. "हा खळगा म्हणजे 'सडा' नावाचा फोल्डर." रिकामं ताट उचलून त्यांनी खळग्यावर ठेवलं. ते बरोब्बर बसलं. "आणि ही डबी. याला म्हणायचं माउंट करणं (डबीला एका फोल्डरच्या जागी बसवणं). आता या खळग्यात पाणी ओत."

शाल्मलीने बाटली उपडी केली. पाणी ताटात पडलं.

"मी खळग्यात ओत म्हटलं, ते ताटात गेलं. कुमुद म्हणायची रेकॉर्डिंग 'सडा'मध्ये ठेव, ते डबीत जायचं. ताट उचललंस की पाणी ताटाबरोबर जाईल. झाली कथा."

शाल्मली ताटाकडे बघत राहिली. ताटातल्या पाण्यात ढग हलत होते.

"आजोबा, ताट नसेल तेव्हा पाऊस पडला तर?"

"तर काय, खळग्यात पडेल."

"म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या पोटात."

"हो."

"आणि मग कुणी वर ताट ठेवलं तर?"

आजोबा ताटावर वाकले.

शाल्मलीने ताट हळूच उचललं. खाली खळगा होता तसाच, भरलेला. झाकलेल्या पाण्यात काहीतरी इवलंसं वळवळलं आणि दगडाखाली शिरलं.

"झाकलं जातं," ती म्हणाली. "दिसत नाही. मोजायला गेलं तर मोजलं जात नाही. पण जागा अडवतंच. म्हणून पिंप भरलेलं दिसतं."

"गडगडलं की बाबल्या ताट उचलायचा," आजोबा हळूहळू म्हणाले, "आणि ही बाई मागे वळून न बघता सड्याकडे कान लावून बटण दाबायची. रेकॉर्डिंग 'सडा'मध्येच गेलं, पण खालच्या. गडगडाट थांबला की बाबल्या ताट परत ठेवायचा." त्यांनी ओल्या दगडावर हात टेकला. "आणि टिचक्या फक्त गडगडतानाच ओरडतो, शालू. म्हणून तर तो डबीत कधी सापडला नाही."

"काल आजी बोलत होती तेव्हा तुम्ही डबी जोडलीत."

"मीच ताट ठेवलं तिच्यावर."

"तिचं बोलणं वेगळ्या फाइलमध्ये असतं ना? ती उघडलेली होती म्हणून पूर्ण वाजली. पुढची, बेडकाची, शोधायला गेला तोवर वर डबी बसली होती."

आजोबा उठले. सूर्य सड्याच्या काठाला टेकला होता. खाली, घराकडे येणाऱ्या लाल वाटेवर, एक पिवळा दिवा फिरत फिरत वर चढत होता.

"कचरागाडी," आजोबा म्हणाले, आणि त्या वयात जमेल तितके धावले.

गाडीला चालक नव्हता. ती स्वतःच यायची, स्वतःच बोलायची आणि कुणी उत्तर देण्याआधी स्वतःच आभार मानायची. ही दोघं पोचली तेव्हा बाबल्या फाटकात उभा होता. त्याच्या हातात लॅपटॉप नव्हता. झेंडूचं रोप होतं.

"एका संगणकाच्या बदल्यात एक रोप," बाबल्या म्हणाला. "डबी काढून टेबलावर ठेवली आहे. कार्यवाही विश्राम सामंत यांच्या आदेशानुसार पूर्ण."

"परत घे तो," शाल्मली गाडीला म्हणाली. "म्हणजे परत दे."

"आत गेलेली वस्तू ही वस्तू राहत नाही, माल होतो," गाडी मृदू आवाजात म्हणाली. "मालाचा चुरा वळणाच्या पुढे करण्यात येईल. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

"त्यात माझ्या बायकोचा..." आजोबा म्हणाले.

गाडी निघाली. शाल्मली तिच्या बाजूने पळू लागली, पत्र्यावर थापा मारत. गाडीने त्याबद्दलही आभार मानले. वळण समोर दिसत होतं. सूर्य बुडाला आणि सड्यावरचा लाल रंग एकदम राखाडी झाला. तिन्हीसांज झाली.

गाडीच्या पोटातून, पत्र्याच्या आड, कुणीतरी बोललं.

"सडा, उत्तर बाजू. पाणी काठोकाठ. गडगडतंय."

गाडी जागच्या जागी थांबली.

"आत व्यक्ती असल्याचे आढळले आहे," ती म्हणाली. "व्यक्तीने बाहेर यावे."

"टिचक्या आलाय," आतून आवाज आला. "विश्राम, ऐक."

"व्यक्ती बाहेर येत नाही. दार उघडण्यात येत आहे. व्यक्तीने घाबरू नये."

मागचा दरवाजा सुस्कारा टाकत वर गेला. आत अंधार होता आणि अंधारात मोडक्या पंख्यांच्या, मिक्सरच्या, टीव्हीच्या ढिगावर लॅपटॉपचा मंद उजेड. आजी बोलायची थांबली होती. पण या वेळी शांतता आली नाही. पाऊस आला. दोन वर्षांपूर्वीचा पाऊस, पत्र्याच्या पेटीत घुमणारा. मग लांबवर गडगडाट. आणि मग, अगदी जवळ, तांब्यावर नखाने टिचकी मारावी तसं, टिक. थोडं थांबून, टिक टिक.

आजोबा मागून पोचले होते. त्यांनी एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवला आणि मान खाली घालून ऐकत राहिले. रेकॉर्डिंग संपेपर्यंत कुणी हललं नाही. गाडीसुद्धा नाही.

"ऐकलं गं," आजोबा म्हणाले.

शाल्मलीने आत चढून लॅपटॉप छातीशी धरून बाहेर आणला.

"व्यक्ती सुखरूप बाहेर आली आहे," गाडीने जाहीर केलं. "रोप परत करावे."

बाबल्याने रोप परत केलं.

घरी येऊन त्यांनी डबी न जोडताच 'सडा' उघडला. आत रेकॉर्डिंगांची रांग होती. आजीच्या शेवटच्या पावसाळ्यातले गडगडाटाचे सगळे दिवस, एकही न गळता. आजोबा हात पुढे करून डबी जोडायला निघाले, सवयीने, आणि शाल्मलीने या वेळी त्यांचं मनगट धरलं.

"ताट ठेवाल परत. आधी खळगा रिकामा करू." तिने 'काठोकाठ' नावाचा नवा फोल्डर केला आणि सगळी रेकॉर्डिंग तिकडे हलवली. मग डबी जोडली, आणि 'काठोकाठ'मधून डबीत नक्कल उतरवायला घातली. काही वेळाने लॅपटॉप म्हणाला, झालं. डबीचा निळा दिवा मात्र लुकलुकतच होता, कुणी काही करत नसताना, झोपेत श्वास घ्यावा तसा.

"अजून लिहितोय," आजोबा म्हणाले. "टेबलावरचे कागद."

शाल्मलीने लॅपटॉपच्याच मदतीच्या पानात आज्ञा शोधली आणि अनमाउंट करायला सांगितलं. लॅपटॉप थोडा रेंगाळला, मग डबीचा दिवा एकदा लांबलचक लागला आणि विझला. आता तार काढायला हरकत नव्हती. तिने ती काढली, पुन्हा जोडली, आणि डबीतली रेकॉर्डिंग एकेक उघडून पाहिली. सगळी बोलत होती.

"बाबल्या," ती म्हणाली, "आता नवा आदेश. गडगडलं की आधी अनमाउंट. दिवा विझेपर्यंत थांबायचं. मग तारा. आणि डबी नसताना कुणी रेकॉर्डिंग केलं, तर ते कुठे जातंय ते मोठ्याने सांगायचं. कुणी विचारलं नाही तरी."

न विचारता सांगायची बाबल्याला सवय नव्हती. "आदेश कुणाच्या नावे नोंदवू?"

शाल्मलीने आजोबांकडे पाहिलं.

"तिच्या नावे," आजोबा तिच्याकडे बोट दाखवत म्हणाले. मग त्यांनी मागच्या खोलीची खिडकी उघडली. अजून पूर्ण अंधारलं नव्हतं. सड्याच्या टोकाला ढग पुन्हा जमत होते. "बेडकांचा एक स्वभाव असतो, शालू. आपल्या जातीचा आवाज ऐकला की ते गप्प राहू शकत नाहीत. आम्ही बेडूक शोधायला हीच युक्ती करायचो. पाऊस संपत आलाय, आशा फार नाही. पण वाजव."

तिने लॅपटॉपचं तोंड खिडकीकडे केलं आणि वाजवलं. टिक. टिक टिक. आवाज ओल्या दगडावरून लांब गेला आणि तिकडेच राहिला. लांब कुठेतरी पहिली गुरगुर झाली.

"गडगडलं," बाबल्या म्हणाला. "अनमाउंट करत आहे." डबीचा दिवा विझला. "विझला. तारा काढत आहे."

खोलीत फक्त लॅपटॉपचा उजेड उरला. तिघंही खिडकीकडे बघत होते. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग बाहेरून, उत्तर बाजूकडून, कुणीतरी तांब्यावर नखाने टिचकी मारली.

आजोबांनी शाल्मलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटणाकडे खूण केली. त्यांना बोलायचं नव्हतं. तिने बटण दाबलं. काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं, तीन संध्याकाळींत पाठच झालं होतं.

"डबी जोडलेली नाही," बाबल्या हलक्या आवाजात म्हणाला. "रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या पोटात जात आहे."

"ठाऊक आहे," शाल्मली म्हणाली, आणि लॅपटॉपच्या मायक्रोफोनने टिपावं म्हणून जरा पुढे वाकली. "सडा, उत्तर बाजू. पाणी काठोकाठ. गडगडतंय. टिचक्या आलाय." तिने श्वास घेतला. "आजी, ऐक."